खाली वजन

पेपरचं नाव लांबलचक : व्यवसायाचे नीतिशास्त्र. ऐच्छिक. गुण पन्नास.
सावद्याच्या आमच्या कॉलेजात तो मी घेतो,
दुपारी अडीचला, पत्र्याच्या खोलीत,
बाहेर चव्वेचाळीस अंश असताना
आणि पंखा नुसता आवाज देत असताना.

ऐच्छिक म्हणजे ज्याची कुणालाच इच्छा नाही तो विषय,
असं भिरूड सर म्हणतात
आणि चहात बिस्कीट बुडवतात.
पोरं टॅली घेतात, जीएसटी घेतात.
यंदा याला सात जण बसले.

दोन आठवडे मी पुस्तकातून शिकवलं.
परदेशी तेलकंपनी, परदेशी समुद्र, मेलेले पक्षी.
हेमांगी फिरके जांभई आवरत लिहून घ्यायची.
मग एकदा पुस्तक मिटून विचारलं :
केळीच्या गाडीचं वजन कसं होतं, सांगा बरं.

सातही डोकी वर आली.

बोलला लोकेश वारके.
त्याच्या बापाचा वजनकाटा रावेर रस्त्याला,
आठवीपासून हा पावत्या फाडतोय.
म्हणाला, रिकामी गाडी काट्यावर चढते तेव्हा
ड्रायव्हर आत, क्लीनर आत,
मागे पाण्याचे ड्रम.
भरून येते तेव्हा दोघं खाली उतरून बिडी ओढतात.
ड्रम बांधावरच ओतलेले असतात.
किती जातं?
तीन क्विंटल, सहज.
कुणाचं?
ज्याची बाग त्याचं.
आणि मग बाकाकडे बघत, घरच्या बोलीत :
सारेच करता, सर.

हेमांगीचा पेन थांबला होता.
त्यांची साडेसहा हजार खोडं कुठल्या काट्यावर जातात
हे वर्गात कुणाला विचारावं लागलं नाही.

फळ्यावर मी दोनच शब्द लिहिले : खाली वजन.
पुढचे तीन आठवडे ते पुसले नाहीत.
सारेच म्हणजे नेमके किती, म्हटलं, मोजून आणा.
पोरं फटफट्या घेऊन निघाली,
फैजपूर, निंभोरा, पार विवऱ्यापर्यंत.
अकरा काटे पाहिले. दोन चोख निघाले.
त्यातल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना उसाचा रस पाजला,
म्हणाला, हे विचारायला कुणी येतं का
बघत होतो.

त्याच शनिवारी हेमांगी हजेरीबुक ऑफिसात न्यायला आली
आणि दारातच उभी राहिली.
सर, यात आम्ही पंधरा आहोत.

पंधराच्या खाली पेपर बंद होतो, असा नियम.
आठ नावांपुढच्या टिंबांची शाई माझी,
ती आठ पोरं त्या वेळेला भुसावळला
भरतीच्या क्लासात.
ड्रायव्हर आत, क्लीनर आत,
मागे पाण्याचे ड्रम.

जिभेवर एक वाक्य आलं. ओळखीचं होतं.
लोकेशच्या तोंडून ऐकलेलं.
गिळलं.

सोमवारी प्राचार्यांना सांगितलं.
चुकून जास्त आलेले सुटे परत करणाऱ्याकडे
एसटीचा कंडक्टर बघतो
तसे ते बघत राहिले.
महिनाअखेर पत्र आलं : किमान संख्येअभावी.
भिरूड सर म्हणाले, नीतीनंच नीतीचा पेपर खाल्ला की हो.
मीही हसलो. बरंच हसलो.

बुधवारी सवयीनं अडीचला पाय तिकडे वळले.
पत्र्याच्या खोलीला कुलूप.
सायकल स्टँडमागच्या निंबाखाली मात्र
वह्या उशाशी घेतल्यासारखी पोरं पसरलेली,
दोन चेहरे नवीन.

लोकेशनं खिशातून घामेजलेली पावती काढली.
ड्रायव्हरला उतरवलं सर, ड्रमही.
बाप दोन दिवस बोलला नाही.
काल म्हणाला, असं करायचं तर पावतीवर सही तुझी कर.
सही दाखवली. वाकडी, पण वाचता येणारी.

गुण नाहीत हं आता याला, मी म्हणालो.
माहीत आहे, हेमांगी म्हणाली, हजेरी घ्या.

एक कोरा कागद मांडीवर ठेवला.
मोजले.
पुन्हा मोजले, बोट दाखवून, लहान पोरासारखे.
नऊ.
नऊच लिहिले.